योगवर्गास जाण्यापूर्वी

ख्रिस्ती मनुष्याने योगवर्गास जावे किंवा नाही, असा प्रश्न किनवट तालुक्यातील मंडळ्यांत अलीकडे वारंवार निघू लागला आहे. पूर्वी हा प्रश्न पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांचा होता. आता योगच खेड्यात आल्यामुळे प्रश्नही त्याच्या मागोमाग आला. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योगदिन ठरविला व २०१५ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. २०१९ साली तर महाराष्ट्र राज्याचा मुख्य कार्यक्रम आमच्या नांदेड शहरीच झाला. त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व रामदेवबाबा हे दोघेही तेथे होते, आणि त्यांच्यासमोर मोठ्या जनसमुदायाने आसने केली. आज शाळेच्या पटांगणात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर योगाचे वर्ग भरतात. आशाताई घरोघर निरोप देते. मग आमच्या लोकांनी काय करावे?

या प्रश्नास आम्ही दोन उत्तरे ऐकत आलो आहो. काही उपदेशकबंधू म्हणतात, ही मूर्तिपूजाच आहे, फक्त मागल्या दाराने आलेली. तिच्या वाऱ्यासही उभे राहू नये. तरुण मंडळी म्हणते, हा निव्वळ व्यायाम आहे, त्यात धर्म कसला आला? पहिल्या उत्तराने पुष्कळ दुखणाईत माणसे निष्कारण भीतीत राहतात. दुसऱ्याने पुष्कळ साधी माणसे, जिला मान डोलावू नये अशा गोष्टीसही मान डोलावून मोकळी होतात. दोहोंत दोष एकच: ज्या वस्तूविषयी निकाल द्यावयाचा, ती कोणी नीट पाहिलेली नाही. पाहण्यापूर्वी निकाल देण्याची हौस आमच्या पाळकवर्गासही थोडीथोडकी नाही.

तर प्रथम वस्तू पाहू. योग हा शब्द एक आहे, पण त्याच्या छपराखाली राहणारी कुटुंबे अनेक आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांत आठ अंगे सांगितली आहेत: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधी. दोनशेच्या आत असलेल्या त्या सूत्रांपैकी आसनाच्या वाट्यास अवघी तीन आली, आणि त्यांचा रोख इतकाच की ध्यानास बसणाऱ्याची बैठक न डळमळणारी व सुखाची असावी. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास हठप्रदीपिका हा ग्रंथ झाला. त्यात आसने वाढली, तरी ती पंधराच्या आसपासच. आज वर्गात शिकविली जाणारी पुष्कळशी उभी आसने व त्यांची कवायतीसारखी मांडणी ही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आकारास आली आहे. आमच्या शेजारचे माहूर हे दत्तात्रेयाचे स्थान. त्या डोंगरावर योग हा शब्द शतकानुशतके ऐकू येत असेल, पण तो घरदार सोडलेल्या गोसाव्यांचा होता, कापूस वेचणाऱ्यांचा नव्हता. ज्ञानेश्वरांनी १२९० साली पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाचे सविस्तर वर्णन आहे. तथापि वारकरी संतांनी प्रपंचात बुडालेल्या सामान्य जनास तो खडतर मार्ग न सांगता नामस्मरणाचा सोपा मार्ग सांगितला. म्हणजे प्रत्येकाने योग केलाच पाहिजे, हा विचार या भूमीतही नवीनच म्हणावयाचा.

तो घराघरात आणला तो बऱ्याच अंशी महाराष्ट्रात राहून काम केलेल्या माणसांनी. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत योगसंस्था काढली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला व आपल्या संस्थानातील शाळांत तो घालून दिला. बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ साली पुण्यास आले व तेथलेच झाले. ज्यांचे शरीर वळत नाही त्यांच्यासाठी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे व खुर्च्या यांचा उपयोग त्यांनी शिकविला. परंतु आमच्या वाचकांनी विशेष ओळख करून घ्यावी असा मनुष्य आम्हांस वाटतो तो स्वामी कुवलयानंद. त्यांचे पूर्वीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजींपाशी ते योग शिकले. गुरूवर त्यांची पूर्ण भक्ती होती. तरीही योगी लोक अमुक क्रियेने पोटात अमुक घडते म्हणून जे सांगतात ते खरोखर घडते काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. म्हणून १९२० च्या सुमारास बडोद्यास त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियांची परीक्षा आरंभिली, आणि नौली करिताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो हे मोजून दाखविले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था व योगमीमांसा हे त्रैमासिक काढले. गुरूच्या बोलास मोजपट्टी लावणे म्हणजे गुरूचा अपमान, असे त्या शिष्याने मानले नाही. ही गोष्ट आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण आज खेड्यातल्या वर्गात पंधरा दिवस शिकून आलेल्या शिक्षकास प्रश्न विचारावयासही लोक भितात.

आणि आमच्या मते सर्व प्रश्नाचे बीज येथेच आहे. वर्गात जाणारा नवशिका मनुष्य आपला देह, आपला श्वास व थोडा वेळ आपले मनही दुसऱ्याच्या शब्दावर सोपवितो. सोपविणे हे पाप नव्हे. शिंप्याकडे अंग मोजून देतो, वैद्याकडे नाडी देतो. परंतु देवाने प्रत्येकाच्या ठायी दोन साक्षीदार ठेविले आहेत. देहाचा साक्षीदार वेदना, आणि अंतःकरणाचा साक्षीदार सदसद्विवेकबुद्धी. दोघेही "नको" म्हणू शकतात. शिक्षकाच्या धाकाने, गर्दीच्या लाजेने, किंवा पाळकाच्या रागाने सुद्धा, यांपैकी कोणाचे तोंड दाबण्याचा अधिकार कोणास आहे काय? नाही, असे आम्ही म्हणतो; आणि वर्गास जावे की न जावे, याहून हे जाणणे अधिक अगत्याचे आहे.

आधी वेदनेची साक्ष घेऊ. आमच्या लोकांचे शरीर कचेरीतल्या कारकुनाचे शरीर नव्हे. खुर्चीवर बसून ज्याचे गुडघे व कंबर आखडली, त्यास उकिडवे बसणे हेच मोठे आसन वाटते. आमच्या बाया चुलीपुढे तासन्तास तसेच बसतात. उलटपक्षी, जी बाई आश्विनापासून माघापर्यंत ओणवी राहून कापूस वेचते, किंवा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे ओझे वाहते, तिला सकाळी उठून आणखी पुढे वाका व पायाचे अंगठे धरा असे सांगणे म्हणजे दमलेल्या बैलास पुन्हा औतास जुंपणे होय. जिच्या पाठीची चकती सरकली आहे तिला तर अशा वाकण्याने अपायच होईल. तिला पालथे निजून छाती हळूच उचलण्याचे भुजंगासन मानवेल, आणि सर्वांत अधिक मानवेल ते शवासन. कारण दिवसातून दहा मिनिटे पाठ टेकून स्वस्थ पडण्याची मुभा तिला घरी कोणी देत नाही. (शवासनात पडलेल्याच्या अंगात भूत शिरते काय, असे आम्हांस एका वृद्ध भगिनीने विचारले होते. शिरत नाही, बहुतेकांस झोप लागते.)

योगाने कंबरदुखी बरी होते काय? कॉक्रेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय मंडळाने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवरील १२ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत १,०८० रुग्ण होते. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांस थोडा ते मध्यम गुण आला, आणि काहींची कंबर योगानेच अधिक दुखू लागली, असे त्यात आढळले. म्हणजे लाभ खरा आहे, पण चमत्कार नाही. ज्या वर्गात चमत्काराची भाषा ऐकू येईल तेथे कान टवकारावेत. मधुमेह मुळापासून जातो, रक्तदाबाची गोळी बंद करा, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पतंजली आयुर्वेद कंपनीस रोगनिवारणाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल कडक शब्दांत खडसावले, व रामदेवबाबा आणि आचार्य बाळकृष्ण यांस वर्तमानपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली. पुढे न्यायालयाने ती क्षमायाचना स्वीकारली. नांदेडच्या मैदानात ज्यांनी त्यांच्यासमोर आसने केली त्यांचे त्यात काही वाईट झाले नाही. पण आसन शिकविणाऱ्याचे औषधाविषयीचे बोलणे वेगळे तोलावे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. क्षयाचा औषधोपचार चालू असता तो श्वसनाच्या व्यायामावर विसंबून अर्धवट सोडणारा मनुष्य स्वतःसह घरच्या लेकरांसही धोक्यात घालतो.

आमच्या तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण शहरात छापलेल्या योगाच्या पुस्तकांत ती सहसा मिळत नाही. गोंड, प्रधान, कोलाम इत्यादी आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो, आणि आमच्या मंडळ्यांत या समाजांची कुटुंबे आहेत. ज्यास हा आजार आहे त्याच्या अंगातील पाणी कमी झाले, थंडी बाधली, अतिश्रम झाले किंवा रक्तास प्राणवायू अपुरा पडला, तर हाडासांध्यांत असह्य कळा सुरू होतात. अशा मुलास अनशापोटी, पाणी न पिता, जलद सूर्यनमस्कार घालावयास लावणे किंवा श्वास कोंडून धरावयास सांगणे हे धोक्याचे आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम आरंभिली असून रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आरोग्यकेंद्राचे नाव आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" झाले आहे, म्हणून कोणी बुजू नये. तेथे सुई टोचतात, नैवेद्य दाखवीत नाहीत.

बाकीचे थोडक्यात. रक्तदाब, हृदयविकार, फिट, हर्निया असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी कपालभाती व भस्त्रिका करू नये. काचबिंदू किंवा रक्तदाब असणाऱ्याने डोके खाली व पाय वर करू नये. शीर्षासन तर कोणाही नवशिक्याने गर्दीत उभे राहून शिकण्याची वस्तूच नव्हे. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, आरंभी मुळीच नको. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. ताण लागणे आणि कळ येणे यांत भेद आहे: ताण सोसवतो, कळ ही साक्षीदाराची हाक असते. शिक्षकाने पाठीवर हात ठेवून जोर देऊ नये. स्त्रियांस तर विचारल्यावाचून स्पर्शच करू नये, आणि केल्यास त्या स्त्रीने उठून घरी यावे. त्यात उद्धटपणा नाही.

आता दुसरा साक्षीदार. येथे आम्हांस उनकेश्वरचे उदाहरण आठवते. आमच्याच तालुक्यात ते गरम गंधकी पाण्याचे झरे आहेत, शेजारी शिवाचे देऊळ आहे. अंगास खाज-खरूज झालेली माणसे तेथे स्नानास जातात. पाणी ऊन असते ते पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने, आणि ती उष्णता कोणाचा धर्म विचारीत नाही. जो तेथे न्हातो तो पूजा करितोच असे नाही. पूजा करावयाची तर त्यास देवळाची पायरी चढावी लागते, आणि ती चढणे न चढणे त्याच्या मनावर आहे. योगवर्गातही पाणी कोठे संपते व पायरी कोठे लागते, हे ओळखावयाचे आहे. मांडी घालून बसणे, हात उंच करणे, श्वास मोजणे हे पाणी. सूर्यनमस्काराच्या प्रत्येक आवर्तनास सूर्याचे एकेक नाव घेऊन त्यास वंदन असो म्हणणे, ही पायरी. अंगाची हालचाल तीच. पण जीभ काय म्हणते व मन कोणापुढे नमते, यात सर्व आले. सरकारने २०१५ साली योगदिनाचा जो सामान्य पाठ ठरविला त्यात सूर्यनमस्कार घातलेच नव्हते. त्याच्या आरंभी मात्र ऋग्वेदातील एक प्रार्थना आहे, तिचा विषय सर्वांनी एकविचाराने चालावे हा. ओंकार म्हणणे सक्तीचे नाही, असा खुलासाही सरकारकडून झालेला आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कोणी भिऊन सर्वच सोडतात, तर कोणी सर्वच म्हणून टाकतात.

करिंथ येथील मंडळीत असाच तंटा पडला होता. बाजारात विकावयास येणारे मांस मूर्तीपुढून आलेले असे. ते खावे काय? पौल प्रेषिताने पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत दिलेले उत्तर आमच्या दोन्ही पक्षांनी शांतपणे वाचावे. मूर्ती म्हणजे काही नव्हे, हे त्यास पक्के ठाऊक होते, म्हणून बाजारातले मांस चौकशी न करिता खाण्यास त्याची हरकत नव्हती. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नये, कारण आता गोष्ट मांसाची राहिली नाही, सांगणाऱ्याच्या अंतःकरणाची झाली. आणि जो बंधू कालपरवापर्यंत त्याच मूर्तीपुढे बसत होता, त्याच्या दुबळ्या मनास आपल्या मोकळेपणाने ठेच लागू नये, याची त्यास मोठी चिंता होती. आमच्या मंडळीत असा बंधू आहे. ज्याने दहा वर्षे अंगात आणून घुमण्यात घालविली व मग ते सोडले, त्यास डोळे मिटवून एकसुरी नाद ऐकविला की जुने सर्व अंगावर येते. त्याने वर्गास जाऊ नये. आणि तो जात नाही म्हणून त्यास कोणी अडाणी म्हणू नये. ज्या शिक्षिकेच्या मनात असले काही उठत नाही तिने कंबर दुखते म्हणून जावे. आणि ती जाते म्हणून तिच्या विश्वासाची झडती कोणी घेऊ नये. एकाच घरात सासू न जाणारी व सून जाणारी असू शकेल. दोघींनी रविवारी एकाच सतरंजीवर बसावे.

मुलांचे काय? आश्रमशाळेत सर्वांबरोबर उभे राहावे लागते. आईबापांनी जाणावे की राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणा मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. १९८५ साली केरळात तीन भावंडांस शाळेतून काढून टाकिले. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या समजुतीप्रमाणे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या पंथाची मते आम्हांस मान्य नाहीत, आम्ही तर राष्ट्रगीत मोठ्याने गातो. परंतु अदबीने उभे राहून गप्प राहणे हा अपमान नव्हे, हे त्या निकालाने ठरले आणि त्याचा उपयोग सर्वांस आहे. आमच्या मुलाने हात वर करावे, वाकावे, आणि नाव घेण्याच्या वेळी ओठ मिटून स्वस्थ उभे राहावे. दुसऱ्या मुलांकडे पाहून हसू नये. गुरुजींस ही गोष्ट आदल्या दिवशी बापाने स्वतः जाऊन, रामराम करून, सांगावी. पाच घरांच्या मंडळीस गावाशी भांडून राहता येत नाही, आणि भांडण्याचे कारणही नाही.

ध्यानाविषयी एक शब्द. श्वासाकडे लक्ष दे, एवढेच सांगितले तर त्यात भिण्यासारखे काही आम्हांस दिसत नाही. मन ठिकाणावर नसलेल्या मनुष्यास प्रार्थनाही करिता येत नाही. परंतु तूच ब्रह्म आहेस असे मनात घोळव, असे सांगितले तर तो व्यायाम राहिला नाही, तो सिद्धान्त झाला. मौज ही की तो पतंजलीचाही सिद्धान्त नव्हे. योग म्हणजे जीवाशिवाचे मीलन असे वर्गात सांगतात, पण पतंजलीच्या मते शेवट होतो तो पुरुषाने प्रकृतीपासून सुटून एकटे राहण्यात. त्यासच कैवल्य म्हणतात, आणि लोणावळ्याच्या संस्थेचे नाव त्यावरूनच आहे.

आणि ज्याविषयी वर्गात कोणीच बोलत नाही, ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठ अंगांत आसन तिसरे आहे. पहिले अंग यम: हिंसा न करणे, खरे बोलणे, चोरी न करणे, इंद्रियसंयम, व नको तितके न साठविणे. दुसरे नियम: शुचिता, संतोष, तप, अध्ययन, ईश्वराच्या ठायी समर्पण. पतंजलीने यमांस जातीचा, देशाचा, काळाचा अपवाद न जाणणारे महाव्रत म्हटले आहे. आजचा वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा. त्यात या दोन पायऱ्या ओलांडून एकदम तिसरीवर उडी असते. कापसाच्या काट्यात दांडी मारणारा व्यापारी सकाळी पद्मासन घालून बसेल, मजुरीचे पैसे तीन बाजार लांबविणारा जमीनदार अनुलोम-विलोम करील, आणि दोघांचेही मन काही वेळ शांत होईल. ती शांती आम्हांस भिवविते. शिणलेल्याचा शीण जावा हे चांगलेच. पण ज्याच्या मनास टोचणी लागावयाची, तिचीच टोचणी श्वास मोजून घालविली तर दुसऱ्या साक्षीदाराचे तोंड दाबले गेले. हे आम्ही शेजाऱ्यास हिणविण्यासाठी लिहीत नाही. वर्गणीच्या हिशोबात गोंधळ करून मंडळीत सर्वांत लांब प्रार्थना करणारा मनुष्यही हेच करीत असतो.

ज्यांनी जाण्याचे ठरविले आहे त्यांस काळवेळाविषयी सांगतो. २१ जूनच्या सुमारास आमच्याकडे मृग संपून आर्द्रा लागते. पेरणीची घाई असते, अंग आधीच मोडलेले असते. त्या दिवशी उत्साहाने आरंभ करणारे बहुतेक जण आठवड्यात सोडतात. कापसाची शेवटची वेचणी उरकली, की फाल्गुनात, ऊन चढण्यापूर्वीच्या सकाळी आरंभ करणे बरे. विकतची चटई नको. घरची सतरंजी किंवा घोंगडी पुरते. पहिल्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकास बाजूस घेऊन दोन गोष्टी सांगाव्या, आपले दुखणे काय ते, आणि कोणते शब्द आपण म्हणणार नाही ते. व त्याने कोठे व किती दिवस शिक्षण घेतले हे विचारावे. ऐकून तो रागावला, तर दुसऱ्या गावचा वर्ग पाहावा.